पालमचा तांब्या नेपाळला जातो

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी कुठे कुठे घाबरलो ते वाचून तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही.

फिरकीचा तांब्या तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला नसेल. माझं पोट गोल आहे, मान बारीक आहे आणि झाकणाला आटे आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला आडवा करा, उलटा करा, थेंब सांडत नाही. वर धरायला कडी आहे. प्लास्टिकच्या बाटल्या येण्याआधी गावाला निघालेल्या माणसाच्या हातात मी असायचो.

माझा जन्म तांबटाच्या हातोड्याखाली झाला. मला आठवतात ते फक्त ठोके. मग एका दुकानदाराने मला पोखर्णीच्या यात्रेत आणून दोरीला टांगलं. तिथून एका बापाने मला आपल्या लेकीच्या लग्नासाठी विकत घेतलं. त्या लेकीचं नाव भागम्मा. तिच्याबरोबर मी पालमला आलो.

पालमला तिच्या नवऱ्याची, सांबप्पा हालगेची, पिठाची गिरणी होती. जन्मभर गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभा राहून सांबप्पाचे कान मंद झाले होते. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. गिरणी बंद असली तरी भागम्मा ओरडूनच बोलायची आणि नव्या शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण चाललंय.

हे घर गळ्यात लिंग धारण करणाऱ्यांचं. रोज आंघोळ झाली की भागम्मा गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची. माझ्यातल्या पाण्याने त्याला न्हाऊ घालायची, विभूती लावायची, बेल वाहायची. हे झाल्याशिवाय तिच्या तोंडात पाण्याचा घोट जात नसे. ते पाणी कुणी तोंड लावलेलं चालत नसे. म्हणून ती कुठेही निघाली, लग्नाला, मयतीला, बाळंतिणीला भेटायला, की आधी मी भरला जायचो.

प्रवासातल्या भांड्याला एकच भीती असते, मागे राहण्याची. माणसं गाडीत चढतात, पोरं मोजतात, पिशव्या मोजतात, तांब्या मोजत नाहीत. एकदा गंगाखेडच्या स्टँडवर मी बाकाखाली राहिलो. गाडी निघून गेली. मी कडी अंगाला चिकटवून गप्प बसलो होतो. कुणाचा तरी पाय लागला, मी घरंगळलो. वाटलं, संपलं. तेवढ्यात रस्त्यावरून भागम्मा धावत येताना दिसली. तिने पुढच्या वळणावर गाडी थांबवायला लावली होती. मला उचलून तिने पदराने पुसलं आणि माझ्यावरच ओरडली, "मुक्या, हाक तरी मारावं!"

पुढे घरात पाण्याचे जार आले. मी माळ्यावर गेलो. अंधारात पाल माझ्यावरून फिरायची. खाली सून महेश्वरी जुन्या भांड्यांच्या बदल्यात कुकर घ्यायचं बोलू लागली की मी तिकडेच कान लावायचो. मोडीत गेलेलं भांडं कुठे जातं, हे आम्हा भांड्यांना कुणी सांगायला नको. आग आम्ही जन्मताच पाहिलेली असते.

अशात एक दिवस गावातला महारुद्र घरी आला. तो दरवर्षी बस भरून लोकांना काशीला नेतो. या वेळी तो काशीवरून पुढे नेपाळला पशुपतिनाथापर्यंत जाणार होता. सांबप्पाने दोन जागा सांगून टाकल्या.

भागम्माने आधी मला माळ्यावरून काढलं, चिंचेने घासलं. मुलगा मल्लेश हसायला लागला.

"आई, फॉरेनला चाललीस अन् तांब्या घेऊन? लोकं काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुझ्या बाटलीला धा जण तोंड लावतेत. लिंगाला उष्टं पाणी घालू का?"

"अगं, तिथं बिसलेरी मिळती."

"मिळू दे. ती काय माझ्या बापानं दिली का?"

असा मी परदेशाला निघालो.

सोनौली नावाच्या गावाला हद्द लागते. मी समजत होतो की परदेश म्हणजे मोठी भिंत असेल, बंदुका असतील. तिथे एक कमान होती आणि तिच्याखालून सायकली, हातगाड्या, म्हशी येत-जात होत्या. सांबप्पा कमानीतून पलीकडे गेला, परत अलीकडे आला, परत पलीकडे गेला.

"कामून असं करायलाव?" भागम्मा ओरडली.

"दोनदा फॉरेन झालं माझं. तुझं एकदाच."

"म्हशी तर आपल्यावाणीच हायेत. हे कशाचं फॉरेन?"

पण फॉरेन ते होतंच. कमान ओलांडली आणि सांबप्पाचा मोबाइल मुका झाला. मल्लेशला फोन लागेना. भागम्माकडे फोन नव्हताच. आणखी एक घोटाळा असा की नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असतं. महारुद्रने ते सगळ्यांना सांगितलं होतं, सांबप्पाला ऐकू गेलं नव्हतं. तो पालमच्या वेळेने खाली यायचा, तेव्हा बस भरलेली असायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचा. "आले बगा पाव तासवाले!" असं म्हणून बस हसायची. सांबप्पा घड्याळ दाखवून भांडायचा, "माझं घड्याळ एकदम बरोबर हाय, तुमचा देश पुढं पळायलाय!"

हसू इथपर्यंतच. पुढे डोंगर सुरू झाला.

आमच्या परभणीकडची जमीन परातीसारखी सपाट. बस एका बाजूला कलली आणि खाली दरी दिसली, तेव्हा भागम्माने मला मांडीत घेऊन दोन्ही हातांनी आवळलं. तिच्या तळहाताचा घाम मला लागत होता. खाली खोल नदी होती, दोऱ्याएवढी.

"अवं, जमीन अशी उभी कामून केली असंल?"

सांबप्पाने डोळे मिटलेले होते. तो म्हणाला, "मला काय इचारू नको. मी हितं न्हाईच."

मला माझं झाकण घट्ट आहे याचं बरं वाटत होतं. बस खाली गेली असती तर झाकणाचा काय उपयोग, हे मला तेव्हा सुचलं नाही. भीतीत असंच होतं.

पशुपतिनाथाला पोचलो तो दिवस मी विसरत नाही. देवळाच्या खालून बागमती नदी वाहते. दर्शन झालं आणि भागम्मा व सांबप्पा पुलाजवळ येऊन उभे राहिले. खाली नदीच्या काठाला ओळीने चिता जळत होत्या. एक विझत आलेली, एक नुकती पेटलेली. धूर आमच्याकडेच येत होता.

मित्रांनो, गळ्यात लिंग धारण करणाऱ्या लोकांमध्ये मेलेल्याला जाळत नाहीत. बसवून, हातात त्याचं लिंग देऊन मातीत ठेवतात. हालगेंचे सगळे पूर्वज पालमच्या शेतात असे बसलेले आहेत. त्यामुळे भागम्माने चिता कधी एवढ्या जवळून पाहिली नव्हती. तिने गळ्यातली डबी मुठीत धरली.

"अवं, मला हितं काही झालं तर?"

"होत न्हाई."

"झालं तर? हे लोक जाळतेल मला. ह्यांना काय माहीत आपल्यातलं?"

"तर मी तुला पालमला नेतो."

"कशात?"

"बसमधी. महारुद्रला म्हणतो, अर्धं तिकीट घे, बाई काही खाणार न्हाई."

"थट्टा नका करू ओ!" ती एवढ्याने ओरडली की बाजूची माणसं वळली. "पाणी हातात घ्या अन् सांगा."

सांबप्पाने तिच्याकडे पाहिलं. मग माझं झाकण उघडून ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, "कुठं बी असलीस तर पालमला नेतो. आपल्या मातीत." ते पाणी त्याने सोडलं. तिचा श्वास जरा खाली बसला. माझा नाही बसला. मी त्या चितांकडे पाहत होतो.

मग सांबप्पा चपला आणायला गेला. "हितून हलू नको," असं तो म्हणाला. तीही हलणार नव्हती. पण तिने मला ज्या पिशवीत ठेवलं त्याच पिशवीत शिदोरीचे धपाटे होते.

मला आधी एक केसाळ हात दिसला. मग पिशवीसकट मी हवेत होतो. माकड! ते पूल ओलांडून, पलीकडच्या पायऱ्या चढून, झाडीतल्या एका भिंतीवर जाऊन बसलं. त्याने धपाटे खाल्ले. मग मला बाहेर काढलं, हुंगलं, दात लावले, भिंतीवर आपटलं. मी भरलेला होतो, आत पाणी हिंदकळत होतं आणि त्याला वाटत होतं, आत काहीतरी खायचं आहे. ते झाकण ओढत होतं. फिरकी फिरवावी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं. खाली मागोमाग धावत आलेली भागम्मा पदर खोचून, हातात काठी घेऊन, सगळा डोंगर दणाणून सोडत होती.

"ठेव! ठेव मुडद्या! माझ्या माहेरचा हाय त्यो!"

माकडाने मला सोडलं. मी पायऱ्यांवरून घरंगळत, आदळत, कडेच्या नालीशी थांबलो. पोटाला पोचा पडला, तो आजही आहे. भागम्माने मला छातीशी धरलं. "आलास का रे," एवढंच म्हणाली.

मग तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

कुठला पूल? कुठल्या पायऱ्या? सगळीकडे सारखीच लहान लहान देवळं, सारख्याच पायऱ्या, सारखंच दगडाचं. ती खाली उतरली तर भलत्याच जागी नदी लागली. समोर अगदी जवळ एक चिता. लाकूड फुटल्याचा आवाज आला आणि ती मागे सरली. "अवं!" तिने हाक मारली. "अवं, ऐकायलाव का!" पण तिचा माणूस जवळ उभा राहूनही ऐकायचा नाही, तर तिथून काय ऐकणार? तिची जीभ कोरडी पडली होती. मी पाण्याने भरलेला होतो, पण तिला प्यायचं भान नव्हतं. आयुष्यभर मला वाटायचं की मागे राहण्याची भीती फक्त भांड्यांना असते. त्या दिवशी ती मला घेऊन या पायऱ्यांवरून त्या पायऱ्यांवर पळत होती आणि माझी कडी वाजत होती.

एका पोलीस बाईने तिला हाताला धरून चौकीत नेलं. तिथे लाउडस्पीकर होता. हरवलेल्यांची नावं त्यावरून पुकारत.

"आमा, पति का नाम बताइए।" पोलीस बाई म्हणाली. तिकडे आईला आमा म्हणतात.

भागम्माने पदर डोक्यावर ओढला.

"नाम? आपके पति का?"

आमच्याकडे जुन्या लोकांना निजामाच्या वेळेपासूनची थोडी हिंदी येते. भागम्मा म्हणाली, "नाम कैसा लेना बाई? औरत मर्द का नाम लेती क्या?"

"नाम नहीं बताएँगी तो ढूँढेंगे कैसे?"

"मेरेकू बोलने दो उस में. मेरा आवाज पहचानते उनो."

पोलीस बाईने कपाळाला हात लावला आणि माईक तिच्यासमोर धरला. भागम्माने घसा साफ केला आणि सगळ्या पशुपतिनाथाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अवं! ऐकायलाव का! मी हितं पोलिसापाशी हाय!"

थोड्या वेळाने तीन नवरे धापा टाकत चौकीत आले. एक लातूरचा, एक नांदेडचा, एक जालन्याचा. तिघांच्याही बायका देवळाजवळ सुखरूप होत्या, पण असा आवाज आल्यावर थांबायची त्यांची छाती झाली नव्हती. त्यातला एकही भागम्माचा नव्हता.

चौकीतली माणसं हसायला लागली. भागम्मा हसली नाही. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "मला नदीत बिदीत शोधत असतेल. पाय घसरला तर? माझ्या मागं त्यांनाच जाळलं तर?"

लातूरच्या माणसाचं नाव बन्सीधर होतं. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "मावशी, आमी जातो शोधायला तिघं. पण हाक काय मारायची? 'अवं' म्हटलं तर पुन्हा आमीच गोळा होणार."

"त्यांना ऐकू बी कमी येतं हो."

"मग तर नावच पाहिजे. मोठ्यानं मारतो. सांगा."

तिने एका हातात लिंगाची डबी धरली आणि दुसऱ्या हाताने मला. डोळे मिटले. लग्नात उखाण्यात घेतलं होतं त्यानंतर तिने ते नाव उच्चारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"सांबप्पा," ती म्हणाली. "सांबप्पा हालगे. पालमचे."

तिघे निघाले. तीन दिशांनी हाका ऐकू येऊ लागल्या. "सांबप्पा हालगे हो! पालमवाले सांबप्पा!" आम्ही दोघं दाराकडे पाहत बसलो. एक एक हाक लांब जात होती. मी पुष्कळ भ्यालो आहे, पण त्या बसण्याइतका कधीच नाही.

तो सापडला घाटावर. तो प्रत्येक तिरडीपाशी जाऊन, खुणेने, ही बाई आहे का पुरुष, असं विचारत होता. बन्सीधर त्याला धरून घेऊन आला. त्याच्या एका पायात चप्पल होती. दुसरी चप्पल आणि भागम्माच्या दोन्ही चपला त्याने छातीशी धरल्या होत्या. त्याच्या गालावर राख उडालेली होती.

मग तो म्हणाला, "लोकं माझं नाव घेऊन बोंबलायलेत. कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"तू? माझं नाव घेतलंस?"

"मग काय करू? तुमचे कान गिरणीत दळून टाकलेत न्हवं!"

तो खाली बसला आणि तिच्या पायात चपला घालू लागला. इतक्या लोकांत. तिने पाय मागे ओढला, "अवं, काय करायलाव," असं म्हणाली, पण त्याने सोडलं नाही. उजवी चप्पल त्याने डाव्या पायात घातली.

परत येताना सगळ्या बसला ही गोष्ट कळली. पालम येईपर्यंत लोक "अवं! ऐकायलाव का!" असं ओरडत होते आणि भागम्मा खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. गावात माझा मान वाढला. माकडाने पळवलेला तांब्या पाहायला बायका येत. माझा पोचा बोटाने दाबून बघत. महेश्वरीने कुकरचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षी भागम्माला कावीळ झाली. पालमच्या औषधाने उतरली नाही, म्हणून परभणीच्या दवाखान्यात नेली. मी तिच्या उशाशी होतो. पाणी रोज बदललं जायचं, पण तिला हातावर लिंग तोलून धरता येईना, तेव्हा सांबप्पा तिच्या तळहाताखाली आपला हात धरायचा. एका सकाळी डॉक्टरांनी मल्लेशला बाहेर बोलावलं. मल्लेश आत आला तो डोळे पुसतच. भागम्मा म्हणाली, "मला घरी न्या." दुसरं काही म्हणाली नाही.

गाडीत ती आडवी होती. मी तिच्या हाताखाली होतो. ती डोळे न उघडता विचारायची, "कुठं आलो?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, सांबप्पाला ऐकू येत नव्हता. तो तिच्या ओठांकडे पाहून सांगायचा.

"पिंगळी गेली."

थोड्या वेळाने ओठ हलले.

"पोखर्णी आली बग. तुझ्या तांब्याचं गाव."

मग गोदावरीचा पूल आला. गंगाखेड आलं. तो सांगत होता. गंगाखेडच्या पुढे माझ्यावरचा तिचा हात सैल झाला. मला लगेच कळलं. भांड्याला पकड कळते. मला ओरडायचं होतं. पण मुका हे नाव तिनेच मला ठेवलेलं.

सांबप्पा तिच्या तोंडाकडे पाहत होता. ओठ हलत नव्हते. तरी तो रस्ताभर एकेक गाव तिला सांगत राहिला. त्याला कळलं होतं की नाही, ते मी सांगू शकत नाही. पालमची कमान दिसली तेव्हा तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आलं पालम. घाबरू नको."

तिला शेतात बसवलं. हातात लिंग दिलं. वर आपल्या रानातली काळी माती टाकली.

आता मी सांबप्पाकडे असतो. तो रोज सकाळी मला भरून शेतात नेतो. तिथे लावलेल्या बेलाच्या रोपाला पाणी घालतो, तिच्याजवळ बसतो, मोठ्याने बोलतो. वाटेने जाणाऱ्यांना वाटतं, भांडण चाललंय. उन्हं वर आली की तो उठतो आणि पुष्कळदा मला तिथेच विसरून जातो. अर्ध्या वाटेवर गेल्यावर त्याचा हात रिकामा आहे हे त्याला कळतं. मग तो माघारी वळतो. गुडघे दुखतात, म्हणून सावकाश येतो.

तेवढा वेळ मी बांधावर एकटा असतो, मित्रांनो, आणि मला फार भीती वाटते. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही शाळेला जाता-येता कुठल्या बांधावर, बाकावर, हौदापाशी एखादी जुनी वस्तू दिसली, पोचा पडलेली, कुणाचीच नाही असं वाटणारी, तर ती उचलू नका. तिला पायाने उडवू नका. थोडा वेळ तिच्याजवळ थांबा आणि रस्त्याकडे बघा. कुणीतरी येत असेल. त्याला ऐकू कमी येत असेल, तर हात वर करून दाखवा, की इथे आहे, सापडलं.